कप्तानांचं कोपर

सर्व्हिस करायला कप्तानांनी रॅकेट उचलली आणि त्यांच्या कोपरावरच्या पट्टीतून कोबीचं एक पान सुटून कोर्टवर पडलं.

समोरची जोडी थांबली. त्यांच्यातला एकजण आधी पानाकडे आणि मग कप्तानांच्या जोडीदाराकडे, चष्मेवाल्याकडे, बघू लागला, जणू ते पान त्यानेच घरून आणलं होतं.

"हे काय आता?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कोबी. सूज ओढून घेतो."

"कच्चा चालतो की वाफवून?" नेटपलीकडून प्रश्न आला आणि शेजारच्या कोर्टवरचेही हसले.

कप्तान हसले नाहीत. त्यांनी पान उचललं, झटकलं, पट्टीत परत खोचलं आणि सर्व्हिस केली. शटल नेटच्या निम्म्यावर आपटलं. चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. त्या संध्याकाळी ते दोन्ही गेम हरले, आणि हे काही त्या संध्याकाळपुरतं नव्हतं.

कप्तान म्हणजे चष्मेवाल्याचे थोरले साडू. दोघी बहिणी या दोघांच्या घरात आल्या आणि पाठोपाठ हे दोघे एका कोर्टवर आले, ते आजतागायत. कोण कुठे उभं राहणार, नवं शटल कधी काढायचं, पाणी कधी प्यायचं, सगळं थोरले ठरवणार, म्हणून हॉलमध्ये सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. दिवसभर स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी त्याच हाताने स्मॅश मारायचे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी आधी महिनाभर त्याकडे कानाडोळा केला आणि मग एकदम उपचारांचा धडाकाच लावला. तांब्याचं कडं झालं. गरम तेल झालं. तेलानंतर बर्फ, बर्फानंतर मिठाच्या पाण्याचा शेक. आल्याचा काढा तर ते बाटलीत भरून हॉलवर आणत आणि दोन गेमच्या मध्ये तोंड वाकडं करून पीत. जगात जेवढं म्हणून नैसर्गिक होतं, तेवढं सगळं त्या कोपरावर येऊन गेलं होतं. राहिली होती एकच गोष्ट.

"थोडे दिवस खेळू नका," चष्मेवाला म्हणायचा.

"बसलं की हात गंजतो रे."

"मग निदान वर्कशॉपमध्ये तरी मशीनने स्क्रू मारा."

"मशीनला हाताची सर येत नाही."

चष्मेवाला आपल्या चष्म्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची समजूत घालणारा माणूस. जवळचं दिसत नसूनही 'मला दिसतंय' म्हणणारी माणसं त्याला रोज भेटत. पण त्यांच्याशी वाद घालून दुकान बंद करता येतं. साडूला कुठे बंद करणार?

कोबीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याचं डोकंच फिरलं. तो सरळ वर्कशॉपवर गेला. कप्तान एका कपाटाला बिजागरी बसवत होते. प्रत्येक पिळाला त्यांचा ओठ दाताखाली जात होता.

"ठेवा तो पेचकस," चष्मेवाला म्हणाला. "चला."

"कुठे?"

"फिजिओकडे. मी वेळ घेतलीय. आणि नाही म्हणालात ना, तर मी तुमच्या घरी ताईंना सांगेन की काल तुम्हाला भरलेला पेलासुद्धा उचलता आला नाही."

"हात माझा दुखतोय आणि चिडतोयस तू!"

"हात तुमचा दुखतो, पण हरतो मी!"

हे जरा जोरातच निघालं. वर्कशॉपमधली करवत थांबली. कप्तानांनी त्याच्याकडे पाहिलं, पेचकस बाजूला ठेवला आणि निमूट चपला पायात घातल्या.

फिजिओ बाई बारीक चणीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कोपरावर अंगठा दाबला. कप्तान खुर्चीतून अर्धे उठले.

"लेप लावा, शेक घ्या, बरं वाटत असेल तर माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्याने हे झालं, ते रोज चालूच राहिलं तर लेप बिचारा काय करेल? रॅकेट सध्या बंद. स्क्रू मशीनने. पण हात नुसता गळ्यात बांधून बसायचं नाही हं. मनगट टेबलाच्या कडेबाहेर काढायचं, हातात पाण्याची बाटली घ्यायची आणि सावकाश खाली सोडायची. वर आणताना दुसऱ्या हाताने आधार. आधी अर्धी बाटली, मग भरलेली. परत खेळाल तेव्हा रॅकेटची मूठ जाड करून घ्या, तारा जरा सैल ठेवा."

चष्मेवाल्याला वाटलं होतं, कप्तान चार दिवसांत बाटली कोपऱ्यात फेकतील. झालं उलटंच. रात्री टीव्हीसमोर, सकाळी पेपर वाचताना, बाटली सावकाश खाली जायची. ताईंचा फोन आला की धाकटी, म्हणजे चष्मेवाल्याची बायको, हसत सांगायची, "अहो, भाऊजी पाहुण्यांसमोरसुद्धा बाटली सोडत नाहीयेत. घरात बोलायची सोय राहिली नाही म्हणे!"

इकडे हॉलमध्ये चष्मेवाल्याला जोडीदार हवा होता. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न म्हणून तो हॉलवर खेळायला येणाऱ्या एका ग्रंथपाल बाईंबरोबर उभा राहिला. त्या डावखुऱ्या होत्या, पायाने चपळ आणि कोर्टवर जवळजवळ मुक्या. पहिल्याच गेमला उंच शटल मागे गेलं. चष्मेवाला सवयीने नेटपाशी वाकून थांबला. मागचं सगळं कप्तानांचं असायचं. शटल पडल्याचा आवाज आला.

"ते तुमचं होतं," ग्रंथपाल म्हणाल्या.

पुढचं शटल आलं तेव्हा तो मागे पळाला आणि हाताला येईल तसं मारलं. ते समोरच्यांच्या पायांमध्ये जाऊन पडलं. त्याने स्वतःच्या रॅकेटकडे असं पाहिलं, जणू ती चुकून दुसऱ्याची उचलली असावी.

मग तो रोज मागे पळू लागला. चुकायचा, खूप चुकायचा, पण कुणी मान हलवत नव्हतं, कुणी 'सोड, सोड' ओरडत नव्हतं. ते हरायचे, मग जिंकायलाही लागले. घरी आला की तो अंघोळ करताना गुणगुणायचा.

"भाऊजी परत येईपर्यंतच ना हे?" एकदा धाकटीने विचारलं.

"मग काय तर," तो म्हणाला आणि पेल्यातलं पाणी संपलेलं असूनही पीत राहिला.

एका दुपारी कप्तान दुकानात आले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली लाकडी खुर्ची त्यांनी पाठीला वरून धरली, पंजा खाली करून, आणि सरळ हाताने उचलून दाखवली. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"फिजिओ बाईंनी मोकळं केलं," ते म्हणाले. "हळूहळू सुरू करा म्हणाल्या. उद्या येतो."

चष्मेवाला एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होता. स्क्रू चिमट्यातून निसटला.

"घाई कशाला?" काउंटरवर स्क्रू शोधत तो म्हणाला. "अजून पंधरा दिवस द्या हाताला. परत उलटलं तर सगळी मेहनत पाण्यात."

"बाई तर म्हणाल्या..."

"त्यांना काय, त्या सगळ्यांना तेच सांगतात. मी तुमचं दुखणं जवळून पाहिलंय."

कप्तानांनी खुर्ची खाली ठेवली.

"बरोबर आहे तुझं. तू ओढून नेलं नसतंस, तर हात घालवून बसलो असतो मी." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पंधरा दिवस तर पंधरा दिवस."

ते गेल्यावर स्क्रू त्याच्या पायापाशीच सापडला. तो फ्रेमला लागता लागेना.

दुसऱ्या दिवशी कप्तान हॉलवर आलेच. "नुसता बघतो," म्हणून बाकावर बसले. रॅकेटची पिशवी मात्र सवयीने सोबत होती. चष्मेवाला त्या दिवशी असा खेळला, की त्याचं त्याला नवल वाटलं. मागून एक हळुवार ड्रॉप त्याने टाकला, आणि समोरची जोडी जागच्या जागी उभी राहिली.

गेम संपला. घाम पुसत तो बाकाकडे आला.

"तुला मागे खेळता येतं, हे कधी बोलला नाहीस," कप्तान म्हणाले.

"तुम्ही कधी येऊ दिलंत मागे?"

त्याला हे हसत म्हणायचं होतं. आवाज तसा निघाला नाही. कप्तान त्याच्याकडे बघत राहिले, मग कोर्टकडे, जिथे ग्रंथपाल दोन्ही हातांनी शटलची पिसं सरळ करत उभ्या होत्या.

"पंधरा दिवस म्हणालास ना?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाला टॉवेलची घडी घालू लागला. एवढा वेळ लागावा इतका तो टॉवेल मोठा नव्हता.

कप्तान उठले. पिशवी उघडून त्यांनी रॅकेट काढली, जाड केलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि हॉलच्या पार टोकाच्या कोर्टकडे चालत गेले. तिथे नवशिके तिघं चौथ्याची वाट बघत होते. कप्तानांनी काहीतरी विचारलं आणि त्या तिघांनी घाईने त्यांना जागा करून दिली.

"चला, सर्व्हिस तुमची," ग्रंथपाल म्हणाल्या.

त्याने शटल हातात घेतलं. तेवढ्यात टोकाच्या कोर्टवरून स्मॅशचा आवाज आला. कोरडा, नेमका, भिंतीपर्यंत जाणारा.

"हात छान बरा झालाय त्यांचा," ग्रंथपाल म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला आणि त्याने सर्व्हिस नेटमध्ये मारली.