फ्रीझरमधलं बक्षीसपत्र

एकतीस वर्षं ओलेटा बर्चफील्ड काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात एकाच खिडकीमागे बसत आली होती. डोक्यावर पाटी: ‘येथे कायदेशीर सल्ला दिला जात नाही.’ लोक पाटी वाचायचे आणि तरी विचारायचेच. ओलेटा नुसतं बोट वर करायची. आधी तिला त्या पाटीचा कंटाळा होता. गेली दोन वर्षं मात्र ती तिला फार प्रिय झाली होती, आणि त्याला कारण तिचा धाकटा भाऊ, वेन्डल.

झालं असं. बाबांना झटका आला आणि त्यांची एक बाजू गेली. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं ओलेटाने केलं. वेन्डल रविवारी चर्च सुटल्यावर यायचा, तळलेल्या कोंबडीच्या दोन तंगड्या चापायचा आणि “बाबा, तब्येत सुधारली हं!” म्हणून सटकायचा. जुन्या मृत्युपत्राप्रमाणे घर आणि मागची टेकडी ओलेटाला जायची होती, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मार्चातल्या एका दुपारी, ती कामावर असताना, त्याने बाबांना पिकअपमध्ये घातलं, नोटरीपुढे बसवलं आणि सगळं स्वतःच्या नावे बक्षीस लिहून घेतलं. ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ असं होतं त्यात. प्रेम म्हणे!

ओलेटाला हे कळलं पुढच्या महिन्यात. बाबांना हरणाच्या मटणाचा रस्सा खावासा वाटला, म्हणून ती वेन्डलच्या गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घालून शोधत होती. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद लागला. या डोंगरात मोलाचे कागद फ्रीझरमध्येच ठेवतात. घर जळलं तरी फ्रीझर उरतो. कागद घरात असला की आपला, काउंटीत गेला की गावाच्या तोंडी, असं इथले लोक मानतात. त्यामुळे नोंदणीची घाई कुणालाच नसते.

तिने उभ्या उभ्या वाचला. तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिची नजर तारखेवर पडली: चौदा मार्च. आणि एकतीस वर्षांची खिडकी तिच्या कामी आली. या राज्यात बक्षीसपत्र दोन वर्षांच्या आत नोंदवलं नाही, तर ते रद्दी. ओलेटाने कागद होता तसा ठेवला, वर मटणाची चार पाकिटं रचली आणि रस्सा करायला घरी गेली.

तरीही कदाचित तिने त्याला सांगितलं असतं. भाऊच तो. पण त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना वेन्डल म्हणाला, “टेकडीच्या माथ्यावर पर्यटकांसाठी लाकडी घरं झकास होतील.”

“माथ्यावर आई आहे,” ओलेटा म्हणाली.

“थडगं हलवता येतं गं. मेलेल्या माणसाला काय, इथे काय नि तिथे काय!”

ओलेटाने त्याला ॲपल-पायचा दुसरा तुकडा स्वतःच्या हाताने वाढला. त्या दिवसापासून ती दिवस मोजू लागली.

मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना वेन्डल खिडकीशी उगवला. हातात पाकीट. ओलेटाचा जीव टांगणीला लागला.

“एक कागद नोंदवायचा होता. कुणाचा ते विचारू नकोस,” तो म्हणाला. “समज, जमीन एखाद्या म्हाताऱ्याच्या नावावर आहे. तोवर करात सवलत मिळते ना?”

“मिळते.”

“नाव बदललं की जाते?”

“जाते.”

“मग थांबतो की! कागदाला काय पाय फुटणारेत? की थांबू नको?”

ओलेटाने बोट वर केलं. वेन्डलने पाटी वाचली आणि तो खो खो हसला. “तुमचं सरकारी खातं म्हणजे तोंडाला कुलूप!”

तो गेला. तिला क्षणभर स्वतःची लाज वाटली. मग आई आठवली आणि लाज गेली.

चौदा मार्च आला तसा गेला. पुढच्या आठवड्यात बाबा गेले. त्यांना आईशेजारी ठेवलं, आणि सोमवारी सकाळी वेन्डल काळ्या टायसकट हजर झाला. त्याने कागद खिडकीवर आपटला. कागद अजून गार होता.

“वाच नीट. मृत्युपत्र विसर. ईस्टरपर्यंत घर रिकामं कर.”

ओलेटाने नावं तपासली, नोटरीचा शिक्का तपासला. नोंदवायला आलेला दस्त ती नोंदवते, तो खरा की खोटा हे खिडकी ठरवत नाही. तिने आजच्या तारखेचा शिक्का असा मारला की टेबल हादरलं.

“झालं ना सगळं? आता माझंच ना?” वेन्डलने विचारलं.

बोट वर.

घड्याळात बारा वाजले. ओलेटाने छातीवरची नावाची पट्टी काढून ठेवली, डबा उचलला आणि काउंटरची फळी उघडून ती बाहेर आली.

“आत होते तेव्हा काउंटीची होते,” ती म्हणाली. “आता तुझी बहीण आहे. आता विचार.”

“काय विचारू?”

“बक्षीसपत्र किती दिवसांत नोंदवावं लागतं, ते.”

मग तिनेच सांगितलं: दोन वर्षांत, नाहीतर रद्दी. वेन्डलने कागदावरची जुनी तारीख पाहिली, नवा शिक्का पाहिला, पुन्हा तारीख पाहिली.

“तुला माहीत होतं! मी आलो होतो तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“बाबांना गाडीत घालताना तू मला सांगितलंस?”

“मी तुझा सख्खा भाऊ आहे, ओलेटा!”

“म्हणून तर सांगते. आईच्या डाव्या अंगाला तुझी जागा आहे, ती मी काढून घेणार नाही.” तिने डबा उघडला. “पण त्या टेकडीवर आता उभा येऊ नकोस. येशील तो आडवाच.”

मग ती त्याच्यासमोरच बाकावर बसली आणि तिने चीज सँडविच सावकाश, शेवटच्या घासापर्यंत चवीने खाल्लं.