साडेचारशे वॅटचा जीव

“अगं संयोगिता, यंदा सृष्टीची कुस्ती रिषीला दिसायची न्हाई म्हणं. जयराजचं त्ये यंत्र हाय न्हवं...”

एवढंच माझ्या कानी आलं आणि गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर खिडकीखालून गेला. दोन्ही ट्रॉल्या सरेपर्यंत काही म्हणता काही ऐकू येईना. आवाज लांबला तेव्हा शेजारच्या शालूबाई म्हणत होत्या, “...म्हणून आपलं सांगितलं. पर माजं नाव घिऊ नगंस हां.” आणि चहा न घेताच गेल्या. शालूबाई चहा न घेता उठल्या म्हणजे बातमी जड असणार.

ज्या यंत्राविषयी त्या बोलत होत्या, ते म्हणजे जयराजचा कॉम्प्युटर. आणि त्याच्या पोटात तळाशी बसलेला मी त्याचा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज आत घ्यायची, तिचा जोर उतरवायचा आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढी वाढायची, हे माझं काम. मला एक पंखा आहे आणि पंख्याला जाळी. हवा ओढताना खोलीतली बोलणीही आत येतात. खोड म्हणा हवं तर, पण घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी जन्मलो कुठल्याशा लांबच्या कारखान्यात. अंगावर ‘४५० वॅट’ अशी चिठ्ठी चिकटवून मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते एकदम माधवनगरात, पायगोंडा पाटलांच्या छापखान्यात. तिथं लग्नपत्रिका व्हायच्या. नवरा-नवरीची नावं, मामाचं निमंत्रण, खाली लहान मुलांचं ‘यायचं हं’. एवढ्याशा कामाला माझी निम्मीसुद्धा ताकद लागायची नाही. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून प्रभावतीकाकू आतून हाक मारायच्या, “आवं, पुरे आता, ताट वाढलंय.” पाटील बटण दाबायचे आणि मलाही विश्रांती मिळायची. त्या घरात मी कधी तापलो नाही.

पाटलांनी मोठं मशीन आणलं आणि आमचा जुना कॉम्प्युटर जयराजनं नेला. कऱ्हाडच्या पुढं, कृष्णाकाठी त्याचं गाव. कुस्ती मैदानं मोबाईलवर थेट दाखवायची हा त्याचा धंदा. यात्रांच्या दिवसांत आम्ही टेंपोतून गावोगाव हिंडायचो. एक कॅमेरा, एक माईक, शेजारी हलगी. आमच्या भागातल्या घराघरातून एखादा तरी फौजेत. ती पोरं दूर कुठं कुठं ड्यूटीवर बसून गावचं मैदान बघायची. “जयराजभाऊ, कॅमेरा जरा आमच्या म्हाताऱ्यावर फिरवा की,” असे त्यांचे निरोप यायचे. तो फिरवायचाही.

जयराजचा थोरला भाऊ ऋषिराजही फौजेत. त्याची बायको संयोगिता आणि मुलगी सृष्टी इथं, आजोबांजवळ. सृष्टी तालमीत वाढलेली. यंदा गावच्या मैदानात तिची पहिली मोठी कुस्ती लागली. ऋषिराजला रजा मिळाली नाही. तो फोनवर जयराजला म्हणाला, “गड्या, मला येता येत न्हाई. पर पोरीची कुस्ती मला बघायचीय. तू हाईस म्हणून निवांत हाय बघ.”

त्या एका वाक्यानं जयराज पेटला. चार कॅमेरे लावायचे, डाव लागला की तो सावकाश परत दाखवायचा. त्यासाठी चित्रांचा भार उचलणारं ग्राफिक्स कार्ड घ्यायला तो साताऱ्याला गेला. दुकानदार सज्जन होता. म्हणाला, “ह्या कार्डाबरोबर साडेसहाशे वॅटचा पॉवर सप्लाय घ्या. तुमच्या साडेचारशेला हे झेपायचं नाही.” जयराज घेणारच होता. पण आमच्या घरात विजेचं काहीही आबांना विचारल्याशिवाय घेत नाहीत. त्यानं दुकानातूनच फोन लावला.

आबा म्हणजे नाथाजी, जयराजचे वडील. नदीवरचे पंप बसवण्यात अख्ख्या भागात त्यांचा हात कुणी धरत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कार्ड नाजूक का रांगडं?”

“नाजूकच की आबा.”

“मग येडा हाईस का रं? पाच हॉर्सपॉवरच्या पायपाला धाची मोटर लावली तर काय हुतं? जोडाजोडातनं पाइप फुटतो. नानासोचा फुटलेला तू बघितलायस. तो साडेसहाशेवाला करंट ढकलंल आन् तुजं कार्ड जळंल. हाय त्योच ऱ्हाऊ दे.”

आबांचं पंपाचं गणित बरोबरच होतं हो. पण पंप ढकलतो, तसा मी ढकलत नाही. कार्ड मागेल तेवढंच मी देतो. साडेसहाशेचा भाऊबंद आणला असता तर त्यानंही मागितलं तेवढंच दिलं असतं. मोठ्या पातेल्यात भात जास्त असला म्हणून पाहुण्याचं पोट फुटत नाही. पण पातेलं लहान असलं, की वाढणाऱ्याची लाज जाते. हे मी सांगणार कुणाला?

कार्ड आलं. त्याला लागणारी वायर माझ्याकडं नव्हती. मग माझ्या दोन साध्या वायरी एकत्र करून जोडवायर लावली. संयोगितानं खोक्यावरचं वाचून दाखवलं, “भावजी, हितं पण साडेसहाशेच लिवलंय की.”

“कंपनीवाले लिवत्यातच वहिनी. दोन वस्तू खपत्यात न्हवं का.”

सोयरीक जुळवताना माणसं शेती विचारतात, नोकरी विचारतात, मुलाची आत्या कुठं दिली तेही विचारतात. कार्ड माझ्या गळ्यात बांधताना मात्र माझी ताकद कुणी विचारली नाही.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. कार्डाला काम लागलं की ते एकदम हिसका मारून मागायचं. जोडवायरीचं प्लास्टिक तापून वास यायचा. मी दम टाकला की सगळं बंद. जयराज कधी जनरेटरला शिव्या द्यायचा, कधी उन्हाला. कॅबिनेटचं दार काढून समोर टेबलफॅन लावला. माझी हवा वाढली, ताकद कशी वाढणार? शेजारच्या गावात सराव म्हणून केलेल्या मैदानात दोनदा चित्र गेलं. शालूबाईंच्या कानावर तेच गेलं असावं.

मैदानाचा दिवस आला. लाल मातीवर पाणी मारलेलं, माणूस माणसाला चिकटून बसलेलं. मी मांडवात टेबलाखाली. संयोगिता जयराजच्या मागं खुर्चीवर होती, पण आखाड्याकडं पाठ करून. लेकीची कुस्ती तिनं कधीच बघितलेली नव्हती. पोरीचा हात मुरगळताना बघवत नाही म्हणायची. कुस्ती झाली की विचारायची, “लागलं न्हाई न्हवं?” बास.

सृष्टी मातीत उतरली. ऋषिराजचा निरोप आला : दिसतंय, झकास दिसतंय. जयराजच्या डोळ्यांत पाणी आलं असणार, कारण त्याला दोनदा नाक ओढताना मी ऐकलं.

समोरची पोरगी वजनानं जास्त. सृष्टीनं खाली वाकून पट काढला, पाय ओढून तिला पाडलं. मैदान उठलं. जयराजला राहवेना. भावाला तो पट सावकाश परत दाखवावा म्हणून त्यानं बटण दाबलं. चारी कॅमेरे चालू, त्यात हे. कार्डानं असा हिसका मारला, की मी होतं नव्हतं ते दिलं आणि हात सोडले.

चित्र गेलं. माझा पंखा थांबला. मात्र आमच्या जातीचा नियम असा, की कामाचे हात सुटले तरी आत एक बारीक धुगधुगी राहते. त्या धुगधुगीवर मी पुढचं ऐकलं.

“आबा! गेलं! सगळं गेलं!” जयराज ओरडला. संयोगिताचा फोन वाजला. ऋषिराज.

“अगं, चित्र थांबलं. व्हिडिओ कॉल लागंना. काय चाललंय? सांग की!”

“मला... मी बघत न्हाई, तुमाला ठावं हाय.”

“संयोगिता, फिर. बघ तिकडं.”

खुर्ची करकरली. ती फिरली.

“आवं, ती खाली हाय... न्हाई, न्हाई, आपली वर हाय. तिनं त्या पोरीचा पाय धरलाय. ती पोरगी उठाया बघतीया. सृष्टीच्या मानंवर हात टाकलाय तिनं... आवं, मला बघवंना...”

“डोळं मिटू नगंस. बोल.”

“सृष्टी सुटली! आता कंबर धरलीया. फिरवतीया. फिरवली... पाठ लागली! आवं, पंचानं हात वर केला आपल्या पोरीचा!”

हलगी कडाडली. मग तो म्हणाला, “तू बघितलीस?”

“व्हय.”



दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः कॅबिनेट उघडलं. काळी पडलेली जोडवायर बोटानं चाचपली. साताऱ्याच्या दुकानदाराला फोन लावून मुकाट्यानं सगळं ऐकलं. मग जयराजला म्हणाले, “पाण्याचा नेम विजंला लागू न्हाई रं. आण जा त्यो साडेसहाशेवाला.” मला बाहेर काढताना त्यांनी धोतराच्या सोग्यानं माझ्यावरची धूळ पुसली. एवढी माया माझ्यावर माधवनगर सोडल्यापासून कुणी केली नव्हती.

आता मी खिडकीतल्या फळीवर आहे; पंखा बंद असला तरी वाऱ्याबरोबर बोलणी जाळीतून आत येतातच. माझ्या आतलं काहीतरी त्या हिसक्यानं कायमचं उतरलंय. हलकं काम मिळालं तर करीन, पण विचारणारं अजून कुणी आलेलं नाही. तुम्ही मात्र नवं कार्ड घरी आणाल, तेव्हा आधी माझ्यासारख्याच्या अंगावरची चिठ्ठी वाचा, आणि जास्त ताकदीच्याला भिऊ नका.

मघाशी खालून शालूबाई कुणाला तरी सांगत गेल्या, “म्या म्हणलं नव्हतं? रिषीला पोरीची कुस्ती दिसलीच न्हाई.” मला वरून ओरडून सांगावंसं वाटलं, शालूबाई, पट काढलेला दिसला होता त्याला. आणि पुढचं तिच्या आईनं बघितलं.