हिंदुरावतात्यांच्या बंगल्याची न झालेली वास्तुशांत

हिंदुरावतात्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत, खुद्द तात्या पुण्यात असताना, एकशे बारा माणसांच्या साक्षीनं, आमच्या कळंबमध्ये मंगळवारी दुपारी व्यवस्थित पार पडली.

असं काही झालेलं नाही. कुणी विचारलं तर मंगळवारी आम्ही सातही जण बारामतीला सीईटीच्या क्लासला होतो आणि बंगल्याला कुलूप होतं. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं समजायला सोपं जाईल.

बंगला कालव्याच्या कडेला आहे. पिस्त्याच्या रंगाचा, वर सिमेंटचे दोन मोर. दोन वर्षांपूर्वी बांधून झाला आणि दोन वर्षं रिकामा आहे, कारण वास्तुशांत झाल्याशिवाय तात्या राहायला येणार नाहीत आणि मुलाला, रविराजला, पुण्यातल्या कंपनीतून रजा मिळाल्याशिवाय वास्तुशांत होणार नाही. रजा मिळते तेव्हा मुहूर्त नसतो. मुहूर्त असतो तेव्हा रजा नसते. एकदा दोन्ही जुळलं तर सुतक आलं. तोवर तात्या आणि सारजाकाकू रविराजच्या फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर बसून, कालव्याला पाणी सुटलं का, एवढंच फोनवर विचारत असतात.

बंगल्याची चावी माझ्या वडलांकडं, म्हणजे आप्पांकडं असते. गाव त्यांना महिपतराव म्हणतं. एप्रिलपासून मात्र ती माझ्याकडं होती, कारण ती माझी परीक्षा होती. मला बारावीनंतर बारामतीला होस्टेलवर राहायचं आहे. आप्पांचं म्हणणं, यष्टी दारातनं जाते, होस्टेल कशाला. आईनं पंधरा दिवस मध्यस्थी केली तेव्हा कुठं त्यांनी अट घातली.

"योगिनी, ही तात्याच्या बंगल्याची चावी. रोज झाडांना पाणी घालायचं, कुलूप लावायचं, घरी यायचं. जूनपतुर एक तक्रार माझ्या कानावर आली न्हाय, तर फॉर्मवर सही करतो."

होस्टेलचा फॉर्म टीव्हीच्या मागं उभा करून ठेवला होता. बातम्या बघताना आप्पांना त्याचं टोक दिसायचं आणि मला आप्पा दिसायचे. सत्तेचाळीस दिवस तक्रार आली नाही.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, क्लासला जाणाऱ्या आमच्या सात जणांतली माझी मैत्रीण निकिता अठरा वर्षांची झाली.

आमच्याकडं पार्टी दिवसा असते. रात्री घरोघरी पोरांची मोजणी होते. वेळ ठरली अकरा ते एक, म्हणजे क्लासचीच. सुयोगच्या चुलत्याचा मंडपाचा धंदा आहे. त्यानं तिथला स्पीकर आणि गरगर फिरणारी रंगीत लाइट पशुखाद्याच्या पोत्यात घालून मोटरसायकलवरून आणली. निकितानं स्वतःचा केक स्वतःच आणला, वर अठरा आकड्याची मेणबत्ती. सूरजला काहीच आणायला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं नारळ आणला.

"नारळ कशाला?" मी विचारलं.

"नवं घर हाय. न फोडता स्पीकर लावला आन् जळला तर?"

सूरज फवारणीचा पंप सुरू करतानासुद्धा नारळ फोडतो. त्यानं तो उंबऱ्यावर फोडला. अर्धी करवंटी घरंगळत पार फाटकापर्यंत गेली. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आम्ही आत गेलो आणि आत जाताना दाराबाहेर चपला काढल्या. सात जोड, ओळीनं. कुणी सांगितलं नव्हतं. संस्कार ही फार धोक्याची गोष्ट आहे. शहरातली पोरं बुटांसकट नाचली असती आणि आजवर कुणाला पत्ता लागला नसता.

ती पहिली अकरा मिनिटं मला कुणी परत आणून दिली तर मी सीईटीसुद्धा देईन. रिकाम्या घरात गाणं दोनदा ऐकू येतं, एकदा स्पीकरमधून आणि एकदा जिन्यावरून. खिडकीच्या काचा ठेका धरत होत्या. पांढऱ्या फरशीवर लाल, हिरवे, निळे ठिपके पळत होते आणि त्यांना पायानं दाबायचा खेळ सुरू झाला होता. सुयोगनं उडी मारून पंख्याच्या हुकाला हात लावला. मग सगळ्यांनाच तो लावायचा होता. निकिता भिंतीपासून भिंतीपर्यंत मोज्यांवर घसरत होती आणि दर वेळी अठरा, अठरा, असं ओरडत होती. मी अजून सतराच आहे, तरी मीपण ओरडत होते.

बाराव्या मिनिटाला दारात बनाआत्या उभी होती. डोक्यावर कडवळाचा भारा, हातात विळा.

सुयोगनं गाणं बंद केलं. काचा मात्र थोडा वेळ तशाच वाजत राहिल्या.

"चपला दिसल्या," बनाआत्या म्हणाली. "नारळ बी दिसला. हिंदुरावाची वास्तुशांत, आन् भिंतीला भिंत लागून माझं घर, तर मला सांगावा न्हाय?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मला टीव्हीमागचा फॉर्म दिसला.

"आत्या, तुमच्याकडंच निघालते सांगाय," मी म्हणाले.

या एका वाक्यानं पुढचं सगळं केलं. मी फक्त उभी होते.

"तात्या कुठाय?"

"ट्राफिकमंदी," सुयोग म्हणाला. पुण्याच्या ट्राफिकवर आमच्या तालुक्यात कुणीही शंका घेत नाही.

"आन् मुहूर्त?"

"पुण्याच्या गुरुजींनी काढलाय. आजचाच."

बनाआत्यानं भारा व्हरांड्यात टाकला, चपला काढून आमच्या ओळीत नीट लावल्या आणि घरी गेली. आम्हाला वाटलं संपलं. सूरज म्हणाला, पटकन आवरू. तेवढ्यात ती परत आली, नवं लुगडं नेसून, हातात खणनारळ, आणि तिच्यामागं अख्खी आळी.

जो येत होता तो चिडून येत होता. "महिपतीनं आमाला इसरावं?" म्हणत छबूबाई आली. मी म्हणाले, तुमच्याकडंच निघालते. जुने सोसायटीचे चेअरमन आले, त्यांच्याकडंही मी निघालते. वीस मिनिटांत मी चाळीस घरांकडं निघालेली होते आणि जागची हलले नव्हते. आणि गंमत अशी की राग आला तरी कुणी रिकाम्या हातानं येत नव्हतं. पेरूचे क्रेट घेऊन बाजाराला निघालेला एक टेम्पो फाटकाशी थांबला, दोन क्रेट उतरवून तिथंच राहिला. छबूबाईनं मजुरांसाठी टाकलेला भात पातेल्यासकट आणला. भिंतीवरची घड्याळं तर तीन आली.

"पूजेला कुणी बसलंय का न्हाय?" बनाआत्यानं विचारलं. "आन् गुरुजी?"

"गुरुजी ऑनलाइन हायेत," सूरज म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला आणि लगेच ते खरं करायला धावला. त्यानं फोनवर वास्तुशांतीचा व्हिडिओ शोधून स्पीकरला जोडला. मंत्र असे घुमले की बाहेर टेम्पोवाल्यानंही टोपी काढली. बनाआत्यानं केक चौरंगावर नैवेद्याच्या जागी ठेवला आणि अठराची मेणबत्ती समई म्हणून पेटवली. निकिता फुंकर मारायला वाकली तर आत्यानं तिच्या कपाळावर हात ठेवून तिला मागं सारलं.

"दिवा इझवत्यात व्हय गं?"

"माझा वाढदिवस आहे," निकिता हळूच म्हणाली.

"मग नमस्कार कर."

रंगीत लाइट बंद करायचं कुणाला सुचलं नाही. उलट चेअरमन म्हणाले, तात्यानं लायटिंगला कसर ठेवली नाही.

आता यजमान जोडपं पाहिजे होतं. मी मनात म्हणत होते, कुणीही चालेल, फक्त एक जोडपं सोडून. तेच दारातून आत आलं. वाटेत दहा जणांनी आप्पांचं अभिनंदन केलं होतं, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी स्पीकर बघितला, केक बघितला, मला बघितलं. एकशे बारा माणसांसमोर, तात्यानं विश्वासानं दिलेली चावी माझ्या पोरीनं पार्टीला वापरली, असं ते म्हणू शकत नव्हते. आईनं पदर डोक्यावर घेतला. चेअरमननी आप्पांना फेटा बांधला. दोघं पाटावर बसले.

पळीनं ताम्हणात पाणी सोडताना आप्पा माझ्याकडं बघत होते. अक्षता वाहताना माझ्याकडं बघत होते. फोनमधले गुरुजी म्हणाले, आता सर्वांनी डोळे मिटून हात जोडा. सगळ्यांनी मिटले, आप्पांनी नाही. तेवढ्यात जाहिरात लागली. ठिबकच्या पाइपांची होती. एकशे दहा माणसं डोळे मिटून, हात जोडून ती भक्तिभावानं ऐकत राहिली.

"ग्यारंटी किती म्हणला?" मागून कुणीतरी डोळे न उघडता विचारलं.

"पाच वर्षं," दुसरा म्हणाला, तोही न उघडता.

आरती सुरू होणार एवढ्यात आप्पांचा फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकले होते. फोन तात्यांचा होता.

"स्पीकरला लावा," बनाआत्या म्हणाली. "तात्याला आरती तरी ऐकू दे." सुयोगचा हात सवयीनं पुढं गेला. मी त्याला मारायच्या आत त्यानं तो जोडला.

"महिपती," तात्यांचा आवाज जिन्यावरून दुसऱ्यांदा ऐकू आला. "माझ्या घरात काय चाललंय?"

"तुमची वास्तुशांत, तात्या."

"मी हितं हाय."

"व्हय."

लाल ठिपका आप्पांच्या फेट्यावरून फिरला, मग हिरवा.

"चावी कुणी दिली?"

सही गेली, होस्टेल गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं. पण फेटा बांधून पाटावर बसलेला माणूस माझ्या जागी शिव्या खाणार, हे बघवेना. मी पुढं झाले. "तात्या, ती मी..."

"मी दिली," आप्पा म्हणाले. "दोन वर्षं घर बसून हाय. ह्या वर्साला ना रविराजची रजा जुळती ना मुहूर्त. म्हणलं उरकून टाकू. चूक माझी. तुमी म्हणाल तर आत्ता समद्यांना घरला लावतो."

स्पीकरमधून आधी पुण्याच्या गाड्यांचा आवाज आला. मग सारजाकाकूंचा.

"महिपती, दूध उतू घातलं का?"

"न्हाय वयनी. त्ये राहिलंय."

"घालू नका. त्ये मी घालणार." मग मागं वळून, पण सगळ्या गावाला ऐकू येईल असं, "आवो, उठा. बॅगा काढा."

"अगं, रविराजची रजा..."

"माझी कशाला पायजे रजा? मला कोण कंपनीत ठिवलंय? नवव्या मजल्यावर दोन वर्षं बसले. उठा म्हणते ना."

आरती झाली. केक प्रसाद म्हणून वाटला. एकशे बारा वाटे झाले, निकिताच्या वाट्याला अठरातला आठ आला, मेणबत्तीचा. सातच्या सुमारास तात्या आणि काकू दोन बॅगा आणि एक तुळस घेऊन उतरले. दाराबाहेर इतक्या चपला होत्या की तात्यांना स्वतःच्या काढायला जागा सापडेना. छबूबाईच्या म्हशीचं दूध काकूंनी स्वतःच्या हातानं शेगडीवर ठेवलं आणि ते उतू गेलं तेव्हा त्या हसत होत्या आणि पदरानं नाक पुसत होत्या. तात्या फिरत्या लाइटकडं बघत म्हणाले, "ही राहू दे. झ्याक हाय."

घरी आल्यावर आप्पांनी फेटा काढून खुंटीला लावला.

"चावी."

मी दिली. ते टीव्हीकडं गेले. मागून फॉर्म काढला. मी डोळे मिटले. कागद फाटल्याचा आवाज येईना म्हणून उघडले, तर ते सही करत होते.

"आप्पा?"

"एकशे बारा माणसं आली, एकानं बी तक्रार केली न्हाय. अट अट असती." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आन् तुला हितं ठिवली, तर पंचक्रोशीत एक घर रिकामं ऱ्हायचं न्हाय."

आई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होती. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन निकिताला सांगितलं. ती म्हणाली, "छान. पण माझी पार्टी अकरा मिनिटंच झाली." तिचं बरोबर होतं. आणि कळंबमधलं एकमेव रिकामं घर आता भरलं होतं. गॅलरीतून सारजाकाकू आम्हाला हात करत होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सातही जणांनी सही करून पुढील अर्ज दिला. पोचही घेतली.

प्रति,
मा. सरपंच,
ग्रामपंचायत, कळंब, ता. इंदापूर.

विषय : अपूर्ण राहिलेली पार्टी पूर्ण करणेकामी घर मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती की, मंगळवार रोजी झालेली वास्तुशांत झालीच नाही, असा ठराव येत्या ग्रामसभेत एकमताने मंजूर करण्यात यावा; श्री. हिंदुराव व सौ. सारजा यांना दोन बॅगा, तीन घड्याळे व तुळशीसह नवव्या मजल्यावर सन्मानपूर्वक परत पाठवण्यात यावे; व सदर घर पूर्ववत रिकामे करून शिल्लक एक तास एकोणपन्नास मिनिटांकरिता अर्जदारांच्या ताब्यात देण्यात यावे. नारळ अगोदरच फोडलेला असल्याने पुन्हा फोडण्याची आवश्यकता नाही.

चपला आम्ही आत काढू.