निरोप घ्यायची रीत

तोयोकोबाईंनी चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीत एका बोटाने लिहायला सुरुवात केली : 'शरदाची चाहूल लागली आहे. आपल्याकडे सर्व मंडळी सुखरूप असतील...'

"मावशी, हे काय चाललंय?" भाची मिनाको खांद्यावरून डोकावली.

"मोजेवाल्यांनी विचारलंय, आमच्या ईमेल का नकोत म्हणून. कारण कळवतेय."

"अगं, विचारायचं म्हणून विचारतात ते. खालचं बटण दाब आणि मोकळी हो."

"इतकी वर्षं बिचारे न चुकता लिहीत आले. आता न बोलता निघून जाऊ?"

मिनाकोने कपाळाला हात लावला. सकाळपासून दोघी बसल्या होत्या आणि जेमतेम गुडघ्याच्या गोळ्या नि भाताचे कुकर एवढ्यांचाच निरोप घेऊन झाला होता. कधीकाळी पोस्टमन दारात सायकल टेकवायचा, तेव्हापासून तोयोकोबाईंनी एकाही पत्राला अनुत्तरित ठेवलं नव्हतं. पण आता जाहिरातींनी ईमेलची पेटी इतकी तुडुंब भरली होती की, नवं काही आत शिरेना. कियोची पत्रंसुद्धा आल्या पावली परत गेली. कियो ही शाळेपासूनची मैत्रीण, आता दूर साप्पोरोत. तिने फोन करून "दार लावून घेतलंस, समजले मी," एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. त्यानंतर ती फोन उचलत नव्हती. पेटी साफ करतेय, पुन्हा लिही, असं तोयोकोबाईंनी कालच ईमेलने कळवलं होतं.

"आता हा कोपऱ्यावरचा चहापत्तीवाला," मिनाको म्हणाली. "दाबते."

"त्याचं बटणाने नाही व्हायचं. रोज त्याच्या दारावरून जाते मी."

तोयोकोबाईंनी ठेवणीतलं जाकीट चढवलं, मिठाईचा डबा कापडात बांधला आणि निघाल्या.

दुकानात त्या कमरेत वाकल्या. होरिगुची गडबडून त्याहून खाली वाकला.

"आपली पत्रं थांबवावी लागताहेत. राग नसावा."

"कसली पत्रं, बाई?"

"दर मंगळवारी येतात ती. नव्या चहाची."

"ती होय." होरिगुचीने कान खाजवला. "जावई ओसाकाहून सोडतो. मलाही येतात. बंद कशी करायची, येतं का हो तुम्हाला?"

तोयोकोबाईंनी त्याचा फोन हाती घेतला. सकाळपासूनचा सराव होता.

"कारण विचारताहेत. काय लिहू?"

"लिहा, मी दुकानातच असतो."

त्या परतल्या तोवर मिनाकोने सगळी पेटी लख्ख केली होती.

"सगळ्यांची क्षमा मागितलीस ना?"

"मागितली," मिनाको मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात टिंग वाजलं. कियो. दोघी पुढे झुकल्या. आत ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. कुठल्याशा डोंगरातल्या, गरम झऱ्याकाठच्या सराईची जाहिरात कियोने जशीच्या तशी पुढे ढकलली होती : 'पानं लाल झाली. दोघांच्या खोलीला खास सवलत.'

मिनाकोचं बोट सवयीने कचऱ्याच्या डब्याकडे गेलं. तोयोकोबाईंनी तिचं मनगट धरलं.

"जाहिरात आहे ती, मावशी."

"कियोने पाठवलीय."

त्यांनी ती सावकाश वाचली, गाड्या कुठे लावाव्यात इथपर्यंत. मग परत वरून वाचली. आणि 'खोली राखून ठेवा' यावर बोट टेकवलं. नाव, पत्ता, सोबत कोण, सगळं भरून झाल्यावर तळाशी दोघींच्या नावांसमोर एकेक चौकट निघाली : आमच्या ईमेल आपणांस पाठवाव्यात का?

"नाही. मावशी, नाही म्हण."

"पाहुणे म्हणून जायचं त्यांच्याकडे, आणि आधीच नको म्हणायचं? बरं दिसेल का ते?"

तोयोकोबाईंनी आपल्या नावासमोर खूण केली. मग खाली, कियोच्या नावासमोरच्या चौकटीतही केली.