हंड्यावरच्या सात मुली

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मुंबईबाहेरच्या, समुद्रकाठच्या माहीम गावात, नारळी-केळीच्या वाडीतल्या एका घरात राहतो. बुडाला दोन पोचे आहेत, काठ एका बाजूनं दबलाय. पण माझ्या पोटावर काय आहे ते ऐकलंत, तर तुम्हीही माझ्यासारखे थक्क व्हाल.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. या घरी आलो तेव्हा बळवंतबाबांचा जन्मही झाला नव्हता. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. माझं रोजचं काम आंघोळीचं पाणी तापवायचं. पण एक मानाचं कामही होतं. या घरची मुलगी लग्नाला उभी राहिली, की तिच्या हळदीच्या आंघोळीचं पाणी माझ्यातच तापायचं. तिची पाठवणी झाली, की खिळ्यानं टिंब टिंब देत माझ्या पोटावर तिचं नाव घालायचे, खाली लग्नाचं साल. सुनांची नावं त्यांच्यासोबत आलेल्या भांड्यांवर असायची. माझ्यावर फक्त इथं जन्मलेल्या मुली. अशा सात जणी झाल्या. शेवटच्या दोघी म्हणजे बळवंतबाबांच्या लेकी, हेतल आणि तेजल.

मग घरात गिझर आला आणि मी माळ्यावर गेलो. काळा पडलो. एका पालीनं माझ्यात संसार थाटला. रागावलो नाही मी, नुसता खालची बोलणी ऐकत राहिलो.

गेल्या वर्षी ती बोलणी बदलली. थोरल्या हेतलच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, औषधं झाली, तिचे लांबसडक केस गेले, आणि ती विश्रांतीला माहेरी आली. येताना तिनं एक कागद आणला होता. तिथल्या किंजल नावाच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, की हा आजार बहुतेकांना वारशानं येत नाही, पण काही घरांत त्याचा धोका आईबापांकडून मुलांकडे जातो. तसं इथं आहे का, हे हेतलच्या रक्तावरून शोधता येईल. सापडलं, तर धाकट्या तेजललाही वेळेत सावध होता येईल. त्यासाठी घरात कोणाला काय झालं ते कागदावर भरून आणा, बाईसाठी गोल काढा, पुरुषासाठी चौकोन.

बळवंतबाबांनी ओटीवर बसून गोल काढले. आजी, आई, काकी, बायको. एकीलाही तसलं काही झालेलं नव्हतं.

"आमच्या घरात कोनाला नाय हे," ते म्हणाले. "पोरीला आनखी सुया कशाला टोचायच्या?"

कागदाची घडी त्यांच्या खिशात गेली. हेतल दमलेली, तिनं वाद घातला नाही. तेजल बोईसरला राहते, तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला ती चाचणी हवी होती, पण आजारी बहिणीला आग्रह कसा करायचा, म्हणून तीही गप्प राहिली.

मग वादळी वारा सुटला आणि दोन दिवस वीज नव्हती. हेतलला गार पाणी सोसवेना, म्हणून तिच्या आईनं, मंगलाबाईंनी, मला खाली काढायला लावलं. बहिणीला भेटायला आलेली तेजल चिंच आणि मीठ घेऊन मला घासायला बसली. काळं निघत गेलं, तशी टिंबं चमकू लागली. घासता घासता तिचा हात थांबला.

"आई, या पाच जणी बाबांच्या कागदावर का नाहीत?"

"त्या दिल्या घरच्या ना," मंगलाबाई म्हणाल्या. "त्यांना माहेरी कोन मोजतं?"

आणि मग त्या एकेका नावावर बोट ठेवत सांगू लागल्या. नवसी, बाबांची आत्या, छातीच्या गाठीनं गेली, अडतीस वर्षांची. द्वारका, बाबांची बहीण. सासरचे म्हणाले पोटात पाणी होऊन गेली; तेजल म्हणाली, अंडाशयाच्या कॅन्सरनंही तसं होतं, आणि तोही याच वारशातला. शेवंती, द्वारकेची धाकटी बहीण, तिनं छातीतली गाठ लपवली, मरेपर्यंत कोणाला दाखवलीच नाही. सांगता सांगता त्यांनीच बोटं मोजली. पाचांपैकी तिघी.

बळवंतबाबा दारात उभे होते. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं, मित्रांनो. त्यांनी मोजल्या त्या सगळ्या दुसऱ्या घरी जन्मलेल्या होत्या. इथलं रक्त माझ्या पोटावर होतं. त्यांनी खिशातला कागद काढून तेजलकडे दिला.

हेतलनं रक्त दिलं. पुढचं मला तेजल आईला सांगत होती त्यातून कळलं, आणि अजून नवल वाटतं. म्हणे माणसाच्या एवढ्याशा पेशीत तीनशे कोटी अक्षरं असतात. माझ्यावर सात नावं घालायला साठ वर्षं लागली! आणि संशोधक ती अक्षरं वाचतात, त्यातला एक बिघाड शोधून काढतात. हेतलमध्ये तो सापडला. मग तेजलनं रक्त दिलं, बाबांनीही दिलं. आईबापाकडून मुलाकडे किंवा मुलीकडे तो जाणं न जाणं छापा-काट्यासारखं. तेजल आणि बाबा, दोघांकडेही तो निघाला.

"म्हंजे माज्याकडून आलं हे?" बाबांनी विचारलं.

"नाकसुद्धा तुमच्याकडूनच आलंय, बाबा," तेजल म्हणाली. "ते कुठं परत करते मी?"

तेजलची आता दर सहा महिन्यांनी तपासणी होते. आजवर सगळं ठीक आहे. पुढं काही निघालंच, तर लवकर कळेल. नवसीला, द्वारकेला, शेवंतीला हे मिळालं नाही. पण त्यांच्यामुळे ते तेजलला मिळालं. केवढी ही मोठी गोष्ट! मेलेल्या आत्या भाचीच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि मी नुसता त्यांची नावं धरून बसलो होतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरी गेलात की आईच्या मावश्यांबद्दल विचारा, बाबांच्या आत्यांबद्दलही विचारा. कोणाला काय झालं ते न लाजता लिहून ठेवा. लग्न करून गेलेल्या मुलींना मोजा. आणि माळ्यावरची भांडी मोडीत घालण्याआधी एकदा घासून बघा.

परवा बळवंतबाबा खिळा आणि हातोडी घेऊन माझ्यासमोर बसले. तेजलच्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. माझ्या अंगावरचं हे पहिलंच पुरुषाचं नाव. टिंबं वाकडी आली. खाली साल मात्र लग्नाचं नाही, रक्त दिलं ते.