लास्तेनियाचा बारावा भाग

"कोणी बघत नाही," एवढं एक वाक्य तोंडावर फेकून चॅनेलनं आमची विनोदी मालिका अकराव्या भागावर बंद केली. त्याला आठ वर्षं झाली. बारावा भाग लिहून तयार होता, माझे संवाद पाठ होते. मी, नार्सिसा किमी, त्यात लास्तेनिया व्हायचे. केस कापायचं दुकान चालवणारी, गिऱ्हाइकाचे केस वाकडे कापून वर त्यालाच झापणारी विधवा. कोणी बघत नाही म्हणे! अरे मेल्यांनो, प्रेक्षक मोजायची यंत्रं तुम्ही बसवलीत चार बंगल्यांत. आमची माणसं बघत होती बाजारात, खानावळीत, शेजारणीच्या खिडकीतून.

पुढं कोणीतरी ते अकरा भाग डिस्कवर उतरवले आणि ग्वायाकिल-रिओबांबा बसमध्ये ते लागायला लागले. एकदा मीच त्या बसमध्ये होते. अकराव्या भागाच्या शेवटी नगरपालिकेचा माणूस दुकानाला कुलूप लावायला येतो आणि पडदा काळा होतो. मागून कोणीतरी ओरडलं, "च्यायला, पुढं काय?" तळलेली केळी विकणारे बसमध्ये चढून भाषण ठोकतात ना, तशी मी मधल्या वाटेत उभी राहिले आणि बारावा भाग करून दाखवला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जाते.

गेल्या मंगळवारी सकाळी चॅनेलचे इतुराल्दे साहेब थेट स्टँडवर हजर.

"बाई, मालिका पुन्हा सुरू करतोय. लोकांना फार आवडते म्हणे."

"आत्ता कळलं होय?"

"लास्तेनिया एक नवी मुलगी करेल. तुम्ही तिची आई. मात्र हे बसमधलं थांबवायचं. पात्र आमच्या मालकीचं आहे."

बस सुटायची वेळ झाली, तर तेही कागद घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. आठ वर्षं मी कॅमेऱ्यासाठी झुरलेय. आई तर आई, पडद्यावर तर दिसेन! पेन हातात घेतलंसुद्धा.

तेवढ्यात अकरावा भाग संपला. "पुढं काय?" सगळी बस ओरडली.

साहेब कुजबुजले, "उठलात तर विषय संपला."

मी मान खाली घालून बसून राहिले. मिलाग्रोच्या थांब्यावर अननसांची टोपली घेऊन चढलेली म्हातारी एर्मेलिंदा माझ्यावरच खेकसली. "लास्तेनिया, ऊठ की गं! मला बुकायला उतरायचंय. शेवट न बघता उतरू?"

उठले. काय करणार? आवाज लास्तेनियाचा निघाला. "कुलूप लावायला एक माणूस पाहिजे," मी म्हणाले आणि साहेबांकडे बोट केलं. "हे लावतील. सवय आहे त्यांना. आपली मालिका यांच्याच चॅनेलनं बंद केली."

अहाहा, काय कल्ला झाला! ड्रायव्हर वॉशिंग्टननं आरशात बघून एक सणसणीत शिवी हासडली. एर्मेलिंदा सीट धरत धरत साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"का रे बाबा, का बंद केलीस?"

"आजी, मोजणीत प्रेक्षकच दिसले नाहीत."

"मला मोजलं होतंस?"

"नाही."

"या पलीकडच्या बाईला? त्या ड्रायव्हरला?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मोज ना आता! बस भरलीय."

मी सही न करताच कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "तुमच्या त्या नव्या मुलीला होऊ दे लास्तेनिया," म्हटलं. "लावा तिला पडद्यावर. मी इथं येत राहणार. अडवायचं तर पोलीस घेऊन या, त्यांनाही शेवट दाखवीन."

रडू आलं होतं मला, रागानंही आणि पडदा गेला म्हणूनही. पण पुसत बसायला वेळ नव्हता, बारावा भाग अर्ध्यावर राहिला होता.

बुकाय आलं. साहेब कागद कवटाळून उतरले. म्हातारी काही हलली नाही.

"आजी, तुमचा थांबा!" वॉशिंग्टन ओरडला.

"तू गप गाडी हाक." तिनं साहेबांच्या रिकाम्या सीटवर बसकण मारली, टोपली पायाशी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. "हं, आता पहिल्यापासून कर. सावकाश."