चौकातली पाटी

स्फोट झाला त्या दिवशी टीव्हीवर मेलेल्या जवानांत प्रसेनजित इंगळेचं नाव वाचलं, आणि डोणगावजवळच्या त्या खेड्यानं ते खरं धरलं. त्याची बायको समता तेव्हा सात महिन्यांची गरोदर. बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळ पाटी उभी राहिली, 'शहीद प्रसेनजित इंगळे चौक'. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. माणूस जिवंत होता, दोन्ही पाय मांडीपासून गेले होते.

सहा वर्षं झाली. पाटी तशीच. सरपंच भगवानराव म्हणायचे, "कायले काढतं बाप्पा? मानाची हाये. जित्या माणसाच्या नावाचा चौक असते का कुठी?"

परवा पोरगी शाळेतून रडत आली. पोरं म्हणत होती, तुहा बाप तं मेला, पाटीवर लिवलं हाये. प्रसेनजितनं ऐकलं. पोरीला जवळ घेतलं.

आज सकाळी तो तीनचाकीवरून चौकात आला. शिडी समताच्या डोक्यावर, काळ्या रंगाचा डबा त्याच्या मांडीशी.

"शिडी धर," तो म्हणाला. "मले नको धरू."

चहाच्या टपरीवरचा कचरू धावला. "भाऊ, मी पुसतो ना. दोन मिनिटांचं काम."

"तुह्यानं होईन बे. पण मेला म्हून माहंच नाव लिवलंय ना?"

दोन्ही हातांनी एकेक पायरी ओढत तो वर गेला. खालचं अंग नुसतं लोंबत होतं. चौथ्या पायरीवर हात सुटला. तो पाठीवर आपटला, आणि डाव्या मांडीच्या टोकाला रक्त आलं. लोक उठले.

"हात नोका लावू कोणी!" समता ओरडली. तिचेच हात पुढे निघाले होते. ते तिनं शिडीवर घट्ट आवळून धरले.

धुळीत थोडा वेळ पडून राहून तो पुन्हा चढला. पायरीत कोपर अडकवून, दातात दाबलेला ब्रश हातात घेऊन त्यानं 'श' झाकला. मग 'ही'. तिथं दंड थरथरायला लागला आणि ब्रश गळून खाली पडला.

उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. भगवानराव कधीचे येऊन उभे होते, मान खाली घालून. "उरलं ते मी पुसून घेतो रे."

"नाही काका. उद्या."

समतानं वर पाहिलं. 'शहीद'मधलं एकच अक्षर उरलं होतं. ती चढली असती तर क्षणाचं काम होतं. तिनं त्याला पाणी पाजलं, पदरानं मांडीवरचं रक्त टिपलं, आणि पाटीच्या खांबाला शिडी दोरीनं पक्की बांधून टाकली.